बरणीत बी ठेवलंय

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मला तोंड आहे, गळा आहे, पोट आहे आणि बूडही आहे. फक्त जीभ तेवढी नाही. मित्रांनो, एरवी मला त्याचे काही वाटत नाही. जीभ असणाऱ्यांनी काय दिवे लावले आहेत, ते मी खिडकीत बसून रोज बघतेच. पण मध्ये एक वर्ष असे आले, की एकच वाक्य बोलता आले असते, तर मी माझे झाकणसुद्धा देऊन टाकले असते. त्या वर्षाचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म भट्टीतला. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवली, साच्यात ओतली, आतून हवा फुंकली आणि मी झाले. झाले खरी, पण बुडाजवळच्या काचेत वाटाण्याएवढा एक बुडबुडा राहून गेला. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला उजेडासमोर धरले, नाक मुरडले आणि सदोष मालाच्या फळीवर ठेवून दिले. माझ्याबरोबरच्या बरण्या गवताच्या खोक्यांत बसून ऐटीत निघून गेल्या. मी धूळ खात बसले.

शेवटी माझी रवानगी स्वस्त मालाच्या दुकानात झाली आणि तिथून मला सासूबाईंनी उचलले. तेव्हा त्या कुणाच्या सासूबाई नव्हत्या, पण पुढे घरात सून आली आणि सगळी गल्लीच त्यांना सासूबाई म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणते. त्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होत्या. वाफेने त्यांची बोटे कायम सुरकुतलेली असत. त्यांनी मला गळ्यापर्यंत पाण्याने भरले, झाकण लावून उलटे धरले आणि खाली तळहात लावला. एक थेंब पडला नाही.

"गळत नाही ना? मग फुगा असू दे की," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "माझ्या बी पोटात काय काय आहे. मी दाखवते का कुणाला?"

ही त्यांची बोलण्याची लकब लक्षात ठेवा, मित्रांनो. त्या 'सुद्धा'च्या जागी 'बी' म्हणत. मी बी येते, मला बी दे, हे बी घे. घरातल्या लोकांनी चिडवून पाहिले, शेवटी थकले. पुढे या एका 'बी'ने केवढा घोळ घातला, ते सांगणारच आहे.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरामागे दोन खाटा मावतील एवढी बाग होती. तिच्या टोकाला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे पोस्टमनकाकांचे अंगण. त्या एवढ्याशा जागेत सासूबाई फक्त एकच पीक घेत. लालचुटूक, लहान टोमॅटोएवढ्या गोल मिरच्या. ही मिरची चावली की आधी गोड लागायची, आणि 'हिला मिरची कोण म्हणेल' असे म्हणेपर्यंत जिभेच्या टोकाला हळूच चिमटा काढायची. सासूबाईंनी तिचे नाव ठेवले होते 'लबाड'. बाजारात तिच्यासारखी दुसरी मिळत नसे. बी त्या स्वतःच धरत.

आणि लोणचे! ते घालताना सासूबाईंसमोर कुणी ब्र काढत नसे. मिरच्यांची देठाकडची टोपी कापायची, चमच्याच्या दांड्याने आतले बी काढायचे, मिठाच्या पाण्यात एक दिवस बुडवून ठेवायचे. मग व्हिनेगर, पाणी, साखर, थोडे मिरे आणि आल्याचे काप घालून उकळी आणायची. त्याआधी मला उकळत्या पाण्यात न्हाऊ घालायचे, कारण गार काचेत गरम पाणी ओतले की काच तडकते. "गरमाला गरमच भेटलं पाहिजे," असे सासूबाई म्हणत. शेवटी विणकामाची सुई आत फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे आणि झाकण घट्ट बसवायचे. पुढचे तीन आठवडे बरणीला कुणी हात लावायचा नाही, आणि कच्ची मिरची कुणी चाखायची नाही. तसा घरचा कायदाच होता.

माझे ते सोन्यासारखे दिवस होते. सासूबाईंची मुलगी मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण होती. वर्षातून एकदा, पानगळीच्या दिवसांत, ती आठवडाभर घरी यायची आणि जाताना एक बरणी घेऊन जायची. दोनदा मी स्वतः तिच्याबरोबर समुद्र पाहून आले आहे. ती पावाच्या तुकड्यावर अर्धी मिरची ठेवायची, डोळे मिटून खायची आणि जहाजावरच्या लोकांना म्हणायची, "हे माझं घर आहे. कुणी हात लावायचा नाही."

पण सगळे दिवस सारखे नसतात. माझ्या झाकणाच्या कडेचा टवका उडाला, झाकण आवळणारी तार गंजली, आणि लोणच्यासाठी नव्या बरण्या आल्या. त्याच सुमाराला मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई आली. ती शिवणकाम करणारी. आपले मशीन घेऊनच आली. सासूबाईंनी मला धुऊन पुसून तिच्या मशीनशेजारच्या खिडकीत ठेवले आणि म्हणाल्या, "घे, तुझ्या बटणांना होईल."

बटणांना! ज्या पोटात लबाड मिरची मुरली, त्या पोटात आता शर्टांची बटणे खुळखुळणार! मी आठवडाभर फुगून बसले होते. कुणाच्या लक्षातही आले नाही.

हळूहळू मला सूनबाई आवडायला लागली. तिच्या गळ्यात कायम माप घ्यायची फीत, तोंडात टाचण्या आणि कामाला वाघ. उसवलेली शिवण दिसली की तिला चैन पडत नसे, मग ती पाहुण्याच्या अंगावरची का असेना. तिचा नवरा बसड्रायव्हर. दिवसभर हॉर्न ऐकून दमलेला हा माणूस घरी फारसा बोलत नसे. बोललाच, तर दोन शब्दांवर थांबा घ्यायचा.

आणि सासूबाईंनी मला पूर्ण टाकलेले नव्हते. एका वर्षी फडताळातले बी उंदरांनी फस्त केले होते. तेव्हापासून त्या दर वर्षी सुकवलेले बी कागदाच्या पुडीत बांधत, ओल धरू नये म्हणून त्यात चिमूटभर तांदूळ टाकत आणि ती पुडी माझ्या बुडाशी, बटणांच्या खाली दडवत. "उंदीर काय वाट्टेल ते खातील, पण बटणं खायचे नाहीत," असे त्या मला सांगत. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच पुडी काढून घेत. सूनबाई तेव्हा लोकांचे कपडे शिवण्यात बुडालेली असे. बी कुठून येते, हे तिने कधी विचारले नाही आणि सासूबाईंनीही कधी सांगितले नाही. घरात हे असे चालतेच. जो करतो त्यालाच ठाऊक असते.

मग पोस्टमनकाका निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे वाटलेल्या माणसाला आता स्वतःचे काहीतरी हवे होते. त्यांनी भिंतीला लागून जहाल मिरच्या लावल्या. अशा, की नुसत्या हातात धरल्या तरी डोळ्यांना धार लागावी. सासूबाईंनी भिंतीवरून ये-जा करणाऱ्या मधमाश्या पाहिल्या. काकांना त्या काही बोलल्या नाहीत, भिडस्त स्वभाव. गुपचूप एक रोप कुंडीत घालून घरात, बंद खिडकीत वाढवले. पानगळीच्या आधीच त्याला फळे आली. त्याचे बी सुकवून त्यांनी माझ्या पोटात ठेवले आणि त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखायला लागले.

इस्पितळात न्यायला गाडी दारात उभी होती. सूनबाई पिशवी भरत होती. टॉवेल घेतला का, चष्मा कुठे आहे, औषधांची चिठ्ठी कुणाकडे आहे, अशी तिची धांदल उडाली होती. सासूबाई उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, बरणीत बी ठेवलंय गं."

"हो आई, बघते. तुम्ही चला आधी," सूनबाई म्हणाली.

तिला ऐकू आले ते असे, की लोणचे बरणीतही ठेवले आहे. संध्याकाळी तिने फडताळ उघडले. नव्या बरणीत मागच्या वर्षीचे लोणचे होते. "आहे की," असे म्हणून तिने फडताळ लावून टाकले. मी इकडे खिडकीत पोट धरून बसले होते. बाई गं, ती बरणी नव्हे, मी! आणि ते 'बी' म्हणजे बी!

सासूबाई परत आल्या नाहीत. दहाव्या दिवशी सूनबाईने माझ्यातून दोन काळी बटणे काढली आणि नवऱ्याच्या कोटाला लावली. सुईत दोरा ओवायला तिला त्या दिवशी सहा वेळा प्रयत्न करावा लागला. मला फार वाईट वाटले.

पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतली ती नव्हे. त्या वर्षीचे लोणचे तिने एकटीने घातले. बीही धरले. भिंतीजवळच्या झाडांना सगळ्यांत मोठी, देखणी फळे आली होती. चांगल्या फळाचे बी चांगले, असा सरळ विचार तिने केला आणि नेमके भिंतीकडचे बी ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात तेच पेरले. झाडे तरारून आली. मिरच्याही तशाच गोल आणि लाल. त्या साफ करताना सूनबाईची बोटे दोन दिवस जळत होती. आपल्या हाताला सवय नाही, असे तिला वाटले. कच्ची चाखायची नाही, हा कायदा तिने पाळला. तीन आठवड्यांनी बरणी उघडली ती नणंद आल्यावरच.

नणंदेने पावावर अख्खी मिरची ठेवली, डोळे मिटले आणि घास घेतला. पुढच्या क्षणी तिचे डोळे उघडले ते मिटेनात. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि हाताशी असलेले पाणी एका दमात संपले.

"वहिनी, ही आईची मिरची नाही," ती कशीबशी म्हणाली.

सूनबाईने पाण्याचा आणखी एक पेला तिच्यापुढे सरकवला.

"आईनं इतकी वर्षं जपली. तुझ्या हातात आली आणि वर्षात वाट लागली." नणंद खुर्चीवर बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जाऊ दे. या खेपेला बरणी नको मला. माझं एवढंच होतं इथलं."

ते शेवटचे वाक्य टाचणीसारखे घुसले. सूनबाईने बरणीत चमचा घातला, एक मिरची काढली आणि सगळी चावून खाल्ली. पाण्याला हात लावला नाही. तिचे कान लाल झाले होते.

"खरं आहे, वन्सं. ही आईंची नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या खेपेला तुम्ही आईंचीच मिरची न्याल. नाही देऊ शकले, तर मी सुई हातात धरणार नाही."

नवरा दाराशी उभा होता. "शपथ नको," तो म्हणाला. तिथेच त्याचा थांबा आला.

शिवणाऱ्या बाईने अशी शपथ घेतली म्हणजे तुम्हीच ओळखा. मी खिडकीतून सगळे ऐकत होते. मला तोंड होते, त्यात उत्तर होते आणि वर झाकण होते.

दुसऱ्याच दिवशी सूनबाई भिंतीपाशी गेली आणि पोस्टमनकाकांना सगळे सांगितले. काकांचा चेहरा उतरला.

"पोरी, हा माझाच घोटाळा दिसतोय," ते म्हणाले. "मधमाश्या माझ्या फुलावरून तुझ्या फुलावर जाणार. त्या वर्षी फळ आईच्या वळणावर जातं, काही कळत नाही. त्याचं बी पेरलं की दुसऱ्या वर्षी बापाचे गुण बाहेर पडतात."

"म्हणजे जावई तुमच्याकडचा," सूनबाई म्हणाली.

"मी उपटून टाकतो माझी झाडं."

"अजिबात नाही, काका. तुमचं तुम्ही लावा. माझं मी झाकते."

आणि थंडीच्या दिवसांतच तिने पुढच्या वर्षीची झाडे झाकायची तयारी सुरू केली. अजून पेरायला बी धड नव्हते. होते ते बिघडलेलेच, त्यातून वर्षावर्षाला निवडत गोड काढायचे, दहा वर्षे लागली तरी चालेल, असा तिचा हिशेब. झग्यांच्या अस्तरातून उरलेले जाळीचे कापड तिने काढले आणि कळ्या असलेल्या फांद्यांवर चढवायला लहान लहान पिशव्या शिवायला घेतल्या. मधमाशी आत जाणार नाही, वारा जाईल. रोज उघडता यावी म्हणून प्रत्येकीला एक पट्टी आणि एक बटण.

काकांनी भिंतीवरून पाहिले. "झाडांना झबली शिवतेस?"

"हो. वाईट संगत लागायला नको."

एकेका झबल्याला एकेक लहान बटण. सूनबाई माझ्या तोंडात हात घालायची आणि बोटांनी चाचपून लहान बटणे वेचायची. वरची संपली. मधली संपली. मी श्वास रोखला. इतक्या वर्षांत तिला कधी माझ्या तळाशी जायची वेळ आली नव्हती. एका दुपारी तिने वैतागून मला उचलले आणि टेबलावर उपडे केले.

बटणे घरंगळली आणि त्यांच्यावर पुडी पडली.

तिने ती उघडली. तांदळाचे दाणे, आणि त्यांत चपटे, पिवळसर बी. कागदावर पेन्सिलीने लिहिले होते, 'खिडकीतल्या कुंडीचं. भिंतीकडचं धरू नये.'

सूनबाईने कागद खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "बरणीत बी ठेवलंय." पुन्हा एकदा म्हणाली, या वेळी 'बी'वर जोर देऊन. आणि एकदम हसत सुटली. हसता हसता रडू लागली, आणि गळ्यातल्या मापाच्या फितीनेच डोळे पुसले. "आई, अहो, एकदा तरी 'बिया' म्हणायचं होतं!"

मित्रांनो, गोष्ट इथे संपत नाही. बी मिळाले म्हणजे मिरची मिळाली असे नाही. सूनबाईने शहाणपणा करून निम्मेच बी पेरले आणि निम्मे मला परत दिले. ते शहाणपण कामी आले, कारण पहिल्या पेरणीला तिने मायेने इतके पाणी घातले की सगळे कुजले. अति तिथे माती म्हणतात. इथे मातीतच अति झाले. दोन दिवस तिने कुंडीकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी तिने उरलेले बी पेरले. या वेळी पाणी घातले ते इस्त्री करताना कपड्यांवर मारायच्या फवाऱ्याने, मोजून दोनदा दाबून. कुंडी स्टोव्हजवळच्या उबेला ठेवली. रोज सकाळी आधी कुंडी, मग चहा. सतराव्या दिवशी मातीतून एक हिरवा आकडा वर आला, शिवणीतून दोरा निघावा तसा. मग आणखी दोन आले. त्यांतला एक गोगलगायीने खाल्ला. दोन झाडे उरली. दोनच.

ती दोन तिने भिंतीपासून लांब, दाराशी लावली. कळ्या येताच झबली चढवली. मधमाशी नाही म्हटल्यावर तिचे काम कुणीतरी करायला हवे, म्हणून रोज सकाळी बटण काढून प्रत्येक फुलाला हलकी टिचकी मारायची, म्हणजे आतला पराग झडतो. नवरा कामावर निघताना विचारायचा, "झाल्या टिचक्या?" एका सकाळी तिला ताप होता. तेव्हा त्या मोठ्या हाताच्या ड्रायव्हरने वाकून, जीभ दातांत धरून, एकेका फुलाला टिचकी मारली. मी काचेतून पाहिले. त्याने एकही फूल पाडले नाही.

मिरच्या लाल झाल्या. झबल्यात वाढलेली फळे बी धरायला आणि मुरवायला, असे ठरले होते. पण या खेपेला सूनबाईने घरचा कायदा मोडला. एक कच्ची मिरची कापून तिने भिंतीवरून काकांना दिली. स्वतः चाखायची हिंमत तिला झाली नाही.

काकांनी चावली. कपाळाला आठ्या पडल्या. "ही कसली मिरची? अगदीच गुळमट! साखर घालून..." मग ते थांबले. त्यांनी जिभेचे टोक दातांत धरले. "हं. चिमटा काढला बघ आत्ता. लबाड कुठली!"

सूनबाई पाठ फिरवून उभी राहिली. खांदे हलत होते. काका घाबरले. "अगं, मी वाईट म्हणालो नाही!"

पानगळीत नणंद आली. टेबलावर लोणच्याची एकच बरणी होती, तीही पाऊण भरलेली. दोन झाडांतून तेवढेच निघाले. तिने पावावर अर्धीच मिरची ठेवली. या वेळी डोळे मिटले नाहीत, ती सूनबाईकडे बघत होती. घास घेतला. चावला. मग डोळे आपोआप मिटले.

सूनबाईने गळ्यातल्या फितीचे टोक बोटाला गुंडाळले. नवरा दाराशी थांबा घेऊन उभा होता.

"वहिनी," शेवटी नणंद म्हणाली, "मागच्या वर्षी मी बोलले ते..."

"ते उसवून टाकलं मी केव्हाच. बरणी न्या."

नणंद उठली. टेबलावरची बरणी तिने पोटाशी धरली. तेवढ्यात तिला खिडकीत मी दिसले. सूनबाईने मला नवी तार, नवे रबर लावले होते, टवका मात्र तसाच होता. नणंदेने हात पुढे केला. "हीपण आईचीच ना? हिच्यात काय?"

"तिला हात नका लावू, वन्सं. तिच्यात बी आहे."

"तिच्यात बी आहे?" नणंदेचे डोळे चमकले. "मग ती बी दे!"

आईचा 'बी' तिच्या तोंडून कसा निसटला, ते तिचे तिलाच कळले नाही. सूनबाई पोट धरून हसत खालीच बसली. मग सगळी हकिकत सांगितली, पुडी दाखवली. पेन्सिलीचे अक्षर पाहून नणंद त्यावरून बोट फिरवत राहिली. जाताना तिने लोणचे नेलेच, शिवाय पाच दाणे आणि एक झबलेही नेले. जहाजाच्या स्वयंपाकघराला एक गोल खिडकी आहे म्हणे. तिथे मधमाशी येत नाही. टिचकी मात्र मारावी लागेल.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुनी बरणी टाकून देण्याआधी तिच्या तोंडात हात घाला, अगदी बुडापर्यंत. आणि घरातले मोठे माणूस दारातून निघताना काही सांगत असेल, तर पिशवी खाली ठेवा आणि नीट ऐका. ऐकूनही कळले नाही, तर पुन्हा विचारा. विचारायला तुम्हाला जीभ आहे.

मला आता ती नसली तरी चालेल. माझ्या पोटात बी आहे. बटणे बी आहेत.